यंत्र पडल्याची नोंद

लातूरहून पुण्याला जाण्याला आमच्याकडे कुणी प्रवास म्हणत नाही. घरटी एक तरी पोरगं तिकडे शिकायला नाहीतर नोकरीला असतं. गाडीत बसायचं, उतरायचं, धपाट्यांचा डबा पोचवायचा आणि परत यायचं. अशा गावाचं वर्णन करणं म्हणजे शेजारच्या घराचं वर्णन करण्यासारखंच. तरी मी लिहितोय, कारण चौदा वर्षं मी पुण्याला गेलो नव्हतो. मेहुणीचं लग्न तिथे झालं, तेव्हा मला ताप आला. भाच्याला वसतिगृहात सोडायचं होतं, तेव्हा साइटवर नेमका स्लॅब निघाला. मला पुण्याची गर्दी सोसत नाही, असा घरच्यांचा समज झाला आणि मी तो तसाच राहू दिला. खरं कारण एक माणूस होता आणि त्याला सांगायची राहिलेली एक गोष्ट. ती सांगून आलो, म्हणून बाकीचंही आता सांगता येतंय.

मी बांधकामावर सुपरवायझर आहे, पन्नाशीला टेकलेला. आमच्या मालकांनी लातुरातल्या दवाखान्याच्या इमारतीसाठी लेझरचं नवं यंत्र घेतलं. तिपाईवर बसवलं की ते गरगर फिरतं आणि चारही भिंतींवर एका पातळीत प्रकाशाची रेघ टाकतं. मालक म्हणाले, "पुण्यात पाच दिवसांचं प्रशिक्षण आहे. दोन माणसं घेऊन जा. तुम्ही तिकडे काम केलेलं आहे." मला ताप आणायलासुद्धा वेळ मिळाला नाही.

त्या दोन माणसांतला एक हणमंत, आमचा फरशीचा मिस्त्री. दुसऱ्या सुलोचनाबाई. पंधरा वर्षं डोक्यावर घमेली वाहिलेल्या, पण साइटवर कुठली वस्तू कुठे आहे हे त्यांच्याशिवाय कुणालाही ठाऊक नसतं. मालकांनी यादीत त्यांचं नाव घातलं तेव्हा दोघातिघांनी नाकं मुरडली. बाई म्हणाल्या, "घमेलं पेलतंय, तर डबीएवढं यंत्र पेलणार न्हाई व्हय?"

रविवार, बिबवेवाडी

सोलापूर रस्त्याने गाडी हडपसरला आली, तेव्हा मी मुद्दाम डावीकडे बघत बसलो, कारण मी पूर्वी काम केलेली ती इमारत उजव्या हाताला आहे. उतरल्यावर मात्र डावं-उजवं काही उरलं नाही. पूर्वी जिथे मोकळी रानं होती तिथे काचेच्या इमारती उभ्या होत्या. हणमंत मान वर करून मजले मोजत होता आणि मी खाली मान घालून बॅगा मोजत होतो.

मुक्काम बिबवेवाडीत होता, मालकांच्या ओळखीच्या एका खोलीवर. सिटी बसमध्ये उभं राहायलाच जागा मिळाली. हणमंतच्या खांद्यावर पिशवी आणि पिशवीत त्याची पाण्याची नळी. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. साधी पारदर्शक नळी असते, तिच्यात पाणी भरायचं आणि दोन टोकं दोन भिंतींना धरायची. दोन्हीकडे पाणी जिथे थांबेल तिथे खुणा करायच्या, की त्या खुणा एका पातळीत आल्या. आमच्याकडच्या बहुतेक फरश्या अशाच बसल्या आहेत. प्रशिक्षणाला ती नको, असं मी बजावलं होतं. हणमंतने ती आणली ती आणलीच, वर आत पाणीही राहू दिलं. शंकरशेट रस्त्याच्या वळणावर बूच निघालं आणि ते पाणी एका बसलेल्या बाईंच्या मांडीवर सांडलं.

"अहो, आपण नळ सोबत घेऊन फिरता का?" बाईंनी थंडपणे विचारलं.

हणमंत ओशाळला. "लातूरचं पाणी हाय बाई. आम्ही आसं सांडत नसतो, चुकून सांडलं."

बाईंनी रुमालाने साडी टिपली, हणमंतकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "मग तर मीच आभार मानायला हवेत." पुढच्या थांब्यावर उतरताना त्यांनी स्वतःची जागा सुलोचनाबाईंना दिली. पुण्यातला जिव्हाळा असा उतरताना दिसतो.

खाणावळीत बटाट्याच्या भाजीत साखर होती. सुलोचनाबाईंनी एक घास खाऊन ताट बाजूला सारलं. "ही आजारी माणसाची भाजी हाय, सायेब," असं म्हणून त्यांनी गाठोडं सोडलं. कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. खाणावळवाल्याने पाटीकडे बोट दाखवलं. 'बाहेरचे पदार्थ खाऊ नयेत.' बाईंनी चटणीची चिमूट त्याच्या हातावर ठेवली. त्यानंतर पाच दिवस आमच्याकडे पाहून त्या पाटीचा विषय निघाला नाही.

जेवण झाल्यावर मी फोन काढून एक नंबर बघितला. चौदा वर्षांत मी चार फोन बदलले. प्रत्येकात तो नंबर उतरवून घेतला आणि एकदाही लावला नाही. 'कांबळे मिस्त्री, बिबवेवाडी.' म्हणजे ती इमारत हडपसरला, माणूस बिबवेवाडीला, आणि वर्गही हडपसरलाच, म्हणून रोज दोन वेळा बसने त्या दोहोंमधून जाणारा मी.

सोमवार, हडपसर

वर्ग एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये भरतो. आत सरावासाठी बांधलेल्या अर्ध्या अर्ध्या भिंती आहेत. शिकून झालं की पाडतात आणि पुढच्यांसाठी परत बांधतात. आम्ही वीस जण होतो, सोलापूर, बीड, नगर, काही बिहारकडचे.

शिकवायला लिमये मॅडम. साठीच्या असाव्यात. सुती साडी, पायात बूट, डोक्यावर हेल्मेट. सदाशिव पेठेतून स्कूटरवर येतात आणि ते हेल्मेट काढून कामाचं दुसरं घालतात. सगळा जन्म मोजणीच्या कामात गेलेला. पहिलं वाक्य: "फोन बंद ठेवलेत तर बरं. चालू ठेवायचे असतील तर बाहेर ऊन छान पडलंय."

दाराशी सुतळीने बांधलेली एक वही टांगली होती आणि वर पाटी होती:

'यंत्र पडल्यास वहीत लिहावे. न लिहिल्यास भिंत सांगेल.'

वहीत रकाने होते. तारीख, काय पडलं, किती उंचीवरून, कोणाच्या हातून. शेवटचा रकाना तपासणाऱ्याच्या सहीचा. मी उगाच पानं चाळली. टाइल कापायच्या मशीनपासून टेपपर्यंत सगळं पडलेलं होतं आणि प्रत्येक पडण्यासमोर कुणाचं तरी नाव होतं. आमच्या धंद्यात असं कागदावर मी कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे वस्तू आपोआप पडतात.

सुलोचनाबाईंनी विचारलं, "लिहिलं की दंड किती, मॅडम?"

"लिहिलं की चहा. माझ्याकडून."

"आन् न्हाई लिहिलं की?"

"मग पुढच्या वर्गाला दुसरं कुणीतरी येतं."

दुपारपर्यंत बिहारकडच्या एका गवंड्याच्या हातून रेघ पकडायचा डबीसारखा सेन्सर पडला. तो इकडेतिकडे बघू लागला. अख्खा वर्ग "चाय! चाय!" म्हणून ओरडला. त्याने लाजत वहीत लिहिलं आणि खरंच चहा आला. सगळे हसत होते. मी माझा चहा हणमंतला दिला.

मंगळवार, हडपसर

सुलोचनाबाई वर्गात सगळ्यांच्या पुढे होत्या. बाकीचे बटणं दाबत होते तेव्हा त्या तिपाईचे पाय बघत होत्या. जमीन कुठे भुसभुशीत आहे हे त्यांना तळपायानेच कळतं. हणमंत मात्र प्रत्येक रेघेशेजारी नळी धरून खात्री करायचा. मॅडमनी दोनदा पाहिलं. मला वाटलं, आता टोमणा येणार. त्या म्हणाल्या, "नळी टाकू नका. यंत्राला शेजारी असलेला बरा."

मग त्यांनी यंत्र तपासायला शिकवलं. समोरच्या भिंतीवर रेघेची खूण करायची. यंत्र जागच्या जागी अर्धा फेर फिरवायचं. रेघ त्याच खुणेवर आली तर यंत्र शाबूत. वर-खाली आली तर यंत्र आतून हललेलं.

"दहा मिनिटं लागतात," मॅडम म्हणाल्या. "पडलेलं यंत्र दिसायला अगदी शहाणं दिसतं. दिवा लागतो, रेघ पडते. ती रेघ बघून माणूस म्हणतो, वाचलो."

मी तोंड धुवायला म्हणून बाहेर गेलो. 'वाचलो', हाच शब्द मी म्हटला होता.

आता ते सांगून टाकतो. चौदा वर्षांपूर्वी हडपसरच्या त्या इमारतीवर मी सुपरवायझर होतो. कंपनीने असलंच यंत्र पहिल्यांदा आणलं होतं. यंत्र आलं, शिकवणारा आला नाही. खोक्यात इंग्रजी पुस्तक होतं, विक्रेत्याने येऊन अर्धा तास बटणं दाखवली आणि समोसे खाऊन गेला. इंजिनिअर साहेबांनी सर्वांना सांगितलं, ज्याच्या हातून बिघडेल त्याने घरी जायचं. घरी माझी दोन मुलं लहान होती.

चौथ्या मजल्यावर चाळीस फुटांचा पॅसेज होता. एका टोकाला पाणी जायची जाळी, दुसऱ्या टोकाला एका फ्लॅटचं दार. फरशी कांबळे मिस्त्रींनी बसवली होती. नळी धरून, जाळीकडे किंचित उतार ठेवून. तशी फरशी मी नंतर कुठे पाहिली नाही. ती यंत्राने तपासायची म्हणून मी यंत्र तिपाईसकट खांद्यावर टाकून चाललो होतो. तसं न्यायचं नसतं, हे मला या मंगळवारी कळलं. ओल्या फरशीवर माझा पाय सरकला आणि यंत्र पडलं. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी ते उभं केलं, बटण दाबलं, लाल रेघ पडली. मी म्हटलं, वाचलो.

अर्ध्या तासाने साहेब आले. रेघ सांगत होती की फरशी चुकली. मिस्त्री म्हणाले, "साहेब, एकदा नळी धरून बघा." साहेब हसले. नवं, परदेशी यंत्र एकीकडे आणि प्लास्टिकची नळी एकीकडे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी यंत्राकडे पाहिलं. सगळ्या कामगारांसमोर साहेब म्हणाले, "कांबळे, तुमचे डोळे गेले आता." फरशी उखडली, यंत्राच्या रेघेने दुसऱ्यांकडून बसवून घेतली. मिस्त्रींनी थापी धुतली, नळी गुंडाळली आणि जिना उतरून गेले. त्यांच्या बाजूने बोलू शकणारा एकच माणूस तिथे होता.

आठवड्याने यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या माणसाने ते दुरुस्तीला नेलं. आतून हललं होतं, म्हणाला, प्रवासात झालं असेल. मी 'असेल' म्हटलं. महिन्याभरात नोकरी सोडून लातूरला आलो.

बुधवार, हडपसर

दुपारच्या सुट्टीत त्या इमारतीकडे निघालो. सुलोचनाबाई न विचारता मागे आल्या. "तुम्ही दोन दिस जेवला न्हाईत. चक्कर आली तर उचलायला माणूस पायजे."

चौथ्या मजल्यावर पॅसेजच्या टोकाला, दाराबाहेर, एक वृद्ध गृहस्थ वायपरने पाणी ढकलत होते. दारावर 'देवधर' अशी पाटी आणि खाली 'विक्रेत्यांनी बेल वाजवून स्वतःचा वेळ घालवू नये.'

"कोण हवंय?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही. मी इथे पूर्वी कामाला होतो."

"अस्सं! मग एक सांगा." त्यांनी वायपर भिंतीला टेकवला. "जाळी तिकडे आहे. पॅसेज धुतला की पाणी इकडे येतं. हे मुद्दाम केलंय की नुसतंच जमून आलंय?"

मी जाळीकडे बघू लागलो.

"बिल्डरला सतरा पत्रं लिहिली. तो म्हणाला, काम लेझरने झालंय. मी म्हटलं, पाण्याला ते कळवलं नाहीत वाटतं."

सुलोचनाबाईंना हसू फुटलं. मला एकदम रडू येतंय की काय असं वाटलं, म्हणून मी जिना उतरू लागलो. खाली आल्यावर बाईंनी सरळ विचारलं, "काय केलं हुतं हितं तुम्ही?"

जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून मी त्यांना सांगितलं. ही गोष्ट पहिल्यांदा ऐकणारं माणूस माझी बायको नव्हती, मित्र नव्हता. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग पदर झटकत उठल्या. "मला सांगून काय उपेग? माझी फरशी थोडीच उखडली? त्यास्नी सांगा." आणि दोन पावलं गेल्यावर, "आदी जेवा."

त्या दिवशी मी साखरेची भाजीसुद्धा खाल्ली.

गुरुवार, बिबवेवाडी

नंबर लागला. बाईंचा आवाज आला, "गिरणी. काय दळायचंय?"

मी मिस्त्रींचं नाव घेतलं. त्यांनी पत्ता सांगितला. आमच्या खोलीपासून तिसरी गल्ली. चार दिवस मी त्या गल्लीच्या तोंडावरून बसला जात होतो.

वर्ग सुटल्यावर गेलो. गल्लीच्या तोंडाशीच पिठाची गिरणी. मागच्या भिंतीवर बुद्धांची तसबीर, शेजारी बाबासाहेबांचा फोटो, दोन्हींना ताजे हार. चक्कीशी पाठमोरे मिस्त्री. केस पांढरे झालेत की पीठ बसलंय, कळत नव्हतं.

"बिराजदार साहेब!" त्यांनी लगेच ओळखलं. "जय भीम! या, या. अगं, साइटवरचे साहेब आलेत, चहा ठेव."

वहिनींनी हसून स्टूल पुढे केलं आणि आत गेल्या. मला ते हसणं सहन होईना. चहा येण्याआधी बोललो नाही तर कधीच बोलणार नाही, हे मला माहीत होतं. मी उभ्याउभ्याच एका दमात सगळं बोलून टाकलं. यंत्र माझ्या हातून पडलं होतं, फरशी तुमची बरोबर होती, मी गप्प बसलो.

मिस्त्रींनी मान डोलावली. हसले. मग कानाकडे बोट दाखवून ओरडले, "काही ऐकू आलं नाही! हा बाजरीचा डबा संपू द्या!"

चक्की चालू होती. चौदा वर्षं साठवलेलं बोलणं बाजरीत गेलं होतं. मी स्टुलावर बसलो आणि डबा संपायची वाट बघितली. आयुष्यात मी इतक्या लक्षपूर्वक बाजरी दळताना पाहिली नाही. शेवटी पट्टा मंदावला, चक्की थांबली. गल्लीतल्या रिक्षांचे आवाज आत आले.

"हं, बोला आता."

दुसऱ्यांदा सांगायला जास्त वेळ लागला. मधेच वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

मिस्त्रींनी हातावरचं पीठ झटकलं. मग म्हणाले, "किती उंचीवरून पडलं?"

"खांद्याएवढ्या. तिपाईसकट."

"पडल्यावर रेघ कुठल्या बाजूला खाली गेली?"

"दाराकडे."

फळीवर सांडलेल्या पिठात त्यांनी बोटाने एक रेघ ओढली. "दहा फुटाला सूतभर."

"हो."

"म्हणजे चाळीस फुटाला चार सूत, अर्धा इंच. दाराकडे उतार."

"हो. पाणी अजून दाराकडेच येतं. काल बघून आलो."

"मला तेच दिसत होतं," मिस्त्री म्हणाले. मग वहिनींकडे वळून जरा मोठ्याने, "अगं, मला तेच दिसत होतं!"

वहिनी माझ्याकडेच बघत होत्या. "ह्यांनी किती डॉक्टर केले माहितीय तुम्हाला? सगळे म्हणायचे, डोळे उत्तम आहेत. हे म्हणायचे, मग मला वाकडं सरळ कसं दिसतं? थापीला परत हात लावला नाही. ही गिरणी बसवली तेव्हा लेव्हल दुसऱ्या मिस्त्रीकडून बघून घेतली. ह्या दोन तसबिरी लावायला शेजारच्यांना बोलावलं. घरात फरशीचा मिस्त्री असताना!"

मी हात जोडले. त्या आत गेल्या. गॅस बंद केल्याचा आवाज आला. बाहेर येऊन शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही येऊन सांगितलंत, चांगलं केलंत. पण चहा काही आज माझ्याच्याने व्हायचा नाही."

ते मला योग्यच वाटलं. खरं सांगायचं तर बरं वाटलं. ओरडले असते, हाकललं असतं, याची तयारी मी चौदा वर्षं केली होती. नुसता चहा नाकारला जाणं त्या तयारीत नव्हतं.

मिस्त्रींनी पिठातली रेघ पुसली नाही. म्हणाले, "मला एकट्याला सांगितलंत. मला मात्र सगळ्यांसमोर सांगितलं होतं, डोळे गेले म्हणून. वीसएक माणसं असतील."

"आमच्या वर्गात वीसच जण आहेत," मी म्हटलं.

"मग उद्या येतो."

"आणि गिरणी?" मी वहिनींकडे पाहत विचारलं.

"गिरणी मी बघते," त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या. "जाऊ द्या त्यांना."

शुक्रवार, हडपसर

मिस्त्री इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. लिमये मॅडमनी "आपण?" असं विचारल्यावर मीच पुढे झालो आणि वर्गासमोर उभा राहिलो. सुलोचनाबाई पहिल्या रांगेत होत्या. हणमंतला काहीच माहीत नव्हतं, तो नळी पुसत बसला होता. मी सांगितलं. बिहारकडच्या मंडळींसाठी हिंदीतूनही सांगितलं. माझं हिंदी वाईट आहे, त्यामुळे काही लपवायला जागाच राहिली नाही.

मग हणमंतने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "म्हंजे नळी बरुबर हुती?"

"नळी बरोबर होती," मी म्हटलं.

"आन् मी चार दिस तुमची बोलणी खातोय नळीपायी!"

वर्ग हसला. मिस्त्रीही हसले. हसता हसता त्यांनी डोळ्यांना हात लावला, पण त्याकडे कुणी पाहिलं नाही असं आम्ही सगळ्यांनी ठरवलं.

मॅडमनी सुतळीची वही माझ्यापुढे धरली. मी लिहिलं. काय पडलं: लेझर यंत्र. किती उंचीवरून: खांद्याएवढ्या. कोणाच्या हातून: माझं पूर्ण नाव. तारखेच्या जागी चौदा वर्षांपूर्वीचं साल. मग मॅडमनी वही मिस्त्रींकडे सरकवली. "शेवटचा रकाना आपला दिसतोय."

मिस्त्रींनी पेन घेतलं आणि खाली ठेवलं. "न तपासता सही कशी करू?"

"बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. "वही बाहेर जात नाही. तुम्ही जाऊन या, मी थांबते."

आम्ही चौघं गेलो. देवधरांनी दार उघडलं, नळी पाहिली आणि म्हणाले, "शेवटी प्लंबर पाठवलाच का?" मी त्यांनाही सांगितलं. आता सांगायला काही कष्ट पडत नव्हते. त्यांनी पॅसेजकडे पाहिलं. "म्हणजे सतरा पत्रं मी चुकीच्या पत्त्यावर लिहिली," म्हणाले आणि स्वतःहून पॅसेजमधली खुर्ची बाजूला केली.

नळीत पाणी भरलं. एक टोक घेऊन मिस्त्री जाळीपाशी बसले. दुसरं टोक मी घेतलं आणि देवधरांच्या दाराशी बसलो. मधे चाळीस फूट. हणमंत नळीतले बुडबुडे काढत आला. मिस्त्री तिकडून सूचना देत होते, "वर घ्या. जरा खाली. हं, सोडू नका." मी सोडलं नाही. पाणी दोन्हीकडे हललं, डुचमळलं आणि स्थिर झालं. सुलोचनाबाईंनी दोन्ही टोकांना पाण्यापासून फरशीपर्यंत टेप धरली.

"दाराकडं चार सूत खाली हाय," त्या म्हणाल्या.

मिस्त्रींनी स्वतः उठून येऊन टेप बघितली. चष्मा काढून बघितली. मग माझ्या खांद्यावर हात टेकून उभे राहिले. खांद्याचा आधार त्यांना गुडघ्यामुळे लागला असेल.

"कडेची फरश्यांची एक ओळ उचलून जाळीकडे उतार दिला की होईल," ते देवधरांना म्हणाले. "मी बसवून देतो. हात जरा बसायला दोन दिवस लागतील."

"सोसायटीच्या सभेत ठराव लागेल," देवधर म्हणाले. "म्हणजे तुमच्या हाताला भरपूर वेळ आहे."

"फरश्या उचलायला मी येईन," मी म्हटलं. "लातूरहून."

मिस्त्री म्हणाले, "यंत्र आणू नका फक्त खांद्यावर टाकून."

शेडवर परतलो तेव्हा मॅडम खरंच थांबल्या होत्या. मिस्त्रींनी वही जवळ ओढली, सही केली आणि पेन वरच धरून विचारलं, "नावाखाली काय लिहायचं असतं?"

"करता ते काम."

त्यांनी थोडा विचार केला. मग सावकाश, एकेक अक्षर एका पातळीत ठेवून लिहिलं: 'फरशी मिस्त्री.'

नियमाप्रमाणे चहा आला. तो संपत आला तेव्हा त्यांनी पायाशी ठेवलेली पिशवी माझ्या हातात दिली. आत पाच किलो ज्वारीचं पीठ होतं, अजून कोमट. "हिने दिलंय," ते म्हणाले. "आणि विचारलंय, फरश्या उचलायला याल तेव्हा चहात साखर किती?"